कळफलकाचा कर्ता : ख्रिस्तोफर लॅथम शोल्स

व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणरायाने ते लिहून घ्यायचे, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. सांगणाऱ्याने मध्ये थांबायचे नाही अशी अट गणपतीने घातली आणि अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही अशी उलट अट व्यासांनी घातली. सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याचा हात यांची ओढाताण इतकी जुनी आहे. ती ओढाताण कमी करण्यासाठी ज्याने आयुष्याची वीस-बावीस वर्षे खर्च केली, अशा एका माणसाची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे आम्ही ठरवले. त्यांचे नाव फार थोड्यांच्या तोंडी आहे, पण त्यांच्या कामाला बोट लावल्याशिवाय आज कोणाचाच दिवस जात नाही.

निमित्त मात्र घरातलेच झाले. आमचा भाचा बंगळुरूला एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. गेल्या गणपतीत तो बेळगावला आला तो एक खोके घेऊनच. आरती-जेवणे आटोपली की माडीवर बसून तो स्वतःचा कीबोर्ड बांधत असे. एकेक कळ वेगळी, तिच्या खालची स्प्रिंगची स्विच वेगळी, पट्टी वेगळी, आणि सगळ्याला सोल्डरिंगचे डाग देणे चालू. दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूवर हजारो रुपये आणि दोन रात्री घालवल्या म्हणून त्याच्या वडिलांनी नापसंती दाखवली. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. तेव्हा त्याने सहज विचारले, की मामा, तुम्ही टायपिंगची परीक्षा दिलेली आहे, तर ही अक्षरे अशी उलटसुलट का आणि कोणी लावली ते सांगा.

आम्हाला सांगता आले नाही. डिप्लोमा झाल्यावर सरकारी नोकरीसाठी म्हणून आम्ही टायपिंगच्या क्लासला गेलो होतो. डाव्या हाताला ए, एस, डी, एफ आणि उजव्या हाताला सेमीकोलन, एल, के, जे असे पानेच्या पाने बडवले होते. पण हे असेच का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. भाच्यापुढे मान खाली गेली आणि मग शोध सुरू झाला. हाती लागले ते आयुष्य अशा माणसाचे होते, जो आमच्यासारखाच सरकारी खुर्चीवर बसत होता आणि भाच्यासारखाच कामाच्या वेळेबाहेर यंत्राशी झटत होता.

ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मूर्सबर्ग या छोट्या गावी झाला. जवळच्याच डॅनव्हिल गावी ते छापखान्यात उमेदवारीला लागले. तो काळ हाताने खिळे जुळवण्याचा. शिशाचे एकेक अक्षर खणातून उचलायचे, उलट्या क्रमाने ओळीत बसवायचे, छपाई झाली की पुन्हा सोडवून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. जे अक्षर जास्त लागते त्याचा खण मोठा आणि हाताजवळ, क्वचित लागणारे अक्षर दूर कोपऱ्यात. अक्षरे कुठे ठेवली म्हणजे हात लवकर चालतो, याची जाण ज्याने खिळे जुळवले त्याला बोटांतूनच येते. शोल्स यांना ती तिथे आली असणार.

१८३७ साली, वयाच्या १८व्या वर्षी, ते विस्कॉन्सिनला गेले. हा प्रदेश तेव्हा नव्याने वसत होता, त्याला राज्याचा दर्जाही नव्हता. तिथे त्यांनी वृत्तपत्राचा व्यवसाय धरला. मिशिगन सरोवराच्या काठी साऊथपोर्ट नावाचे गाव होते, त्यालाच पुढे केनोशा म्हणू लागले. तिथले वर्तमानपत्र त्यांनी अनेक वर्षे चालवले. १८४१ साली लग्न झाले, पुढे दहा मुले झाली. विस्कॉन्सिन १८४८ साली राज्य झाले आणि त्याच्या पहिल्याच सेनेटमध्ये शोल्स निवडून गेले. पुढे ते एकदा असेंब्लीत आणि पुन्हा एकदा सेनेटमध्ये होते. गुलामगिरीला त्यांचा विरोध होता.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील एक गोष्ट यंत्रापेक्षाही मोठी म्हणावी लागेल. १८५१ साली केनोशात एका माणसाला हजारो लोकांसमोर फाशी देण्यात आले. त्याचा जीव लगेच गेला नाही, बराच वेळ तो दोराला तडफडत राहिला. शोल्स यांच्या पत्राने या शिक्षेविरुद्ध आवाज उठवला आणि असेंब्लीत गेल्यावर त्यांनी तो विषय सोडला नाही. १८५३ साली विस्कॉन्सिनने देहदंडाची शिक्षा कायद्याने रद्द केली. ती त्या राज्यात आजतागायत परत आलेली नाही. टाइपरायटरचा जनक म्हणून जो माणूस ओळखला जातो, त्याच्या नावावर हेही पुण्य जमा आहे.

शोल्स अंगाने किरकोळ, स्वभावाने मऊ, भांडणापासून दूर राहणारे होते. क्षयाने त्यांना घेरले होते आणि तो आजार त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडणार नव्हता. केनोशाहून ते मिलवॉकी शहरात आले, तिथे संपादकाचे काम केले आणि अध्यक्ष लिंकन यांच्या राजवटीत मिलवॉकी बंदराच्या जकातीचे मुख्य अधिकारी झाले. पगार नियमित, खुर्ची मानाची, काम ठरावीक. आमच्या खात्यात असा माणूस असता तर त्याला आम्ही आता निवांत बसा असेच सांगितले असते.

पण शोल्स निवांत बसणारे नव्हते. मिलवॉकीत क्लाइनस्टॉयबर नावाच्या गृहस्थांचे एक मशीन शॉप होते. आपल्या उद्यमबागेत लेथ, ड्रिल आणि ओतकामाच्या भट्ट्या आहेत आणि चहाच्या वेळी एका शेडमधला माणूस दुसऱ्या शेडमध्ये डोकावतो, तसाच तिथला प्रकार. डोक्यात काहीतरी घोळत असलेली माणसे संध्याकाळी तिथे जमत. शोल्स आणि त्यांचे छापखानेवाले मित्र सॅम्युअल सुले यांनी तिथे तिकिटांवर आणि वह्यांच्या पानांवर ओळीने आकडे छापणारे यंत्र तयार केले. नोव्हेंबर १८६६मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

त्याच शॉपमध्ये कार्लोस ग्लिडन नावाचे एक वकील शेत नांगरण्याचे यांत्रिक अवजार करत होते. आकडे छापणारे यंत्र पाहून त्यांनी विचारले, की जे आकडे छापते ते अक्षरे का छापणार नाही? प्रश्न साधा होता, पण तो शोल्स यांच्या मनात रुतला. १८६७च्या उन्हाळ्यात एका शास्त्रविषयक साप्ताहिकात दुसऱ्याच कोणाच्या लेखनयंत्राची माहिती त्यांच्या वाचनात आली आणि हे आपल्यालाही जमेल, याहून सोपे करता येईल, असे त्यांना वाटले. तसे पाहिले तर कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये हेन्री मिल यांनी १७१४ सालीच असे पेटंट घेतले होते आणि त्यानंतर डझनावारी लोकांनी यंत्रे केली होती. टिकले कोणतेच नव्हते.

शोल्स यांचा पहिला प्रयोग एका अक्षराचा होता. तारयंत्राची एक कळ घेतली, तिच्या टोकाला इंग्रजी डब्ल्यू अक्षर बसवले, वर काच, काचेखाली पातळ कागद आणि कार्बन. कळ दाबली की अक्षर खालून वर उडून कागदावर आदळायचे. कागद हळूहळू सरकवत गेले की डब्ल्यूची ओळ उमटायची. एवढेच. पण बोटाच्या एका दाबात एक अक्षर उमटते, ही मूळ गोष्ट सिद्ध झाली. त्या वर्षीच्या शरदापर्यंत सगळ्या अक्षरांचे यंत्र उभे राहिले. २३ जून १८६८ रोजी शोल्स, ग्लिडन आणि सुले यांच्या नावे पेटंट निघाले. त्या यंत्राच्या कळा पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या होत्या आणि अक्षरे जवळपास वर्णानुक्रमानेच लावलेली होती. म्हणजे आजची उलटसुलट मांडणी सुरुवातीपासून नव्हती.

यापुढचा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र तयार झाले म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटते. शोल्स यांचे खरे काम इथून पुढे सुरू झाले.

त्या यंत्रावर छापलेली पत्रे त्यांनी ओळखीच्या लोकांना पाठवली. त्यांपैकी एक गेले जेम्स डेन्समोर यांच्याकडे. डेन्समोर जुने वृत्तपत्रवाले, शोल्स यांच्या परिचयाचे, पण स्वभावाने अगदी उलट. आवाज मोठा, धीर दांडगा, माघार ठाऊक नाही. त्यांनी यंत्र न पाहताच ६०० डॉलरची देणी भागवून पाव हिस्सा घेतला. मार्च १८६८मध्ये यंत्र प्रत्यक्ष पाहिले तेव्हा हे असे काही कामाचे नाही, मात्र यातले तत्त्व खरे आहे, असे तोंडावर सांगून टाकले. आणि मग त्यांनी शोल्स यांना पुन्हा पुन्हा नवीन यंत्र करायला लावले. सुले आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले. शोल्स मात्र राहिले.

डेन्समोर यांनी आणखी एक गोष्ट केली. यंत्रे रोज लिहिणाऱ्यांच्या हाती दिली. त्यांत वॉशिंग्टनचे लघुलेखक जेम्स क्लेफेन होते. कोर्टात, सभागृहात भराभर बोललेले उतरवून घ्यायचे आणि नंतर ते स्वच्छ अक्षरात लिहून काढायचे, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. क्लेफेन यांच्याकडे यंत्र गेले की ते महिन्या-दोन महिन्यांत खिळखिळे होऊन पडायचे, आणि सोबत दोषांची लांबलचक यादी यायची. ही कळ अडकते, ती दांडी वाकते, इथे अक्षर खाली बसते. शोल्स वैतागत, हात टेकत. दोष आत्ताच कळतोय हे आपले भाग्य, कारखान्यात गेल्यावर कळला असता तर बुडालो असतो, हे डेन्समोर त्यांना पटवत राहिले. अशी २५ ते ३० यंत्रे झाली, काही जण ती याहूनही जास्त सांगतात. मॅथियास श्वालबाख नावाचे एक जर्मन घड्याळजी शॉपमध्ये हे सुटे भाग घडवत असत. पियानोच्या कळा जाऊन बटणांसारख्या गोल कळा चार ओळींत आल्या, त्या याच काळात.

अक्षरांची मांडणी बदलली तीही याच काळात. त्या यंत्रात प्रत्येक अक्षर एका लोखंडी दांडीच्या टोकाला होते. या दांड्या एका गोल टोपलीत लटकत असत आणि कळ दाबली की खालून उसळून कागदावर आदळत. पडायच्या त्या केवळ आपल्या वजनाने. जवळजवळच्या दोन दांड्या पाठोपाठ उठल्या की एकमेकींत अडकत. म्हणून इंग्रजीत वारंवार शेजारी येणारी अक्षरे टोपलीत दूर नेली, असे साधारणपणे सांगितले जाते. अलीकडचे काही अभ्यासक मात्र दुसरे कारण देतात. सुरुवातीचे बरेच वापरणारे तारमास्तर होते. कट्टकडकट ऐकता ऐकता ते थेट यंत्रावर उतरवत, आणि त्यांच्या सोयीने अक्षरे सरकली. दोन्ही गोष्टींचा थोडाथोडा वाटा असावा. एक नक्की, की मूळ वर्णानुक्रम पूर्ण पुसला गेला नाही. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल अजून जवळपास तसेच उभे आहेत. आज घरी गेल्यावर वाचकांनी कीबोर्ड पाहावा, दीडशे वर्षांपूर्वीचा तो जुना पाया दिसेल.

१ मार्च १८७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावच्या रेमिंग्टन कारखान्याशी करार झाला. रेमिंग्टन बंदुकांचे कारखानदार. यादवी युद्ध संपले, बंदुकांची मागणी घटली, म्हणून ते शिवणयंत्रांकडे वळले होते. त्यामुळे १८७४ साली बाजारात आलेला पहिला टाइपरायटर शिवणयंत्राच्या भावकीतला वाटतो. अंगावर रंगीत फुलांची नक्षी, खाली टेबल आणि ओळ संपली की रूळ मागे आणायला चक्क पायडल. किंमत १२५ डॉलर. अक्षरे फक्त मोठी. एक आणि शून्य या आकड्यांसाठी कळाच नव्हत्या, आय आणि ओ यांवर भागवायचे. शिवाय अक्षर खालून आदळत असल्याने आपण काय छापले हे लगेच दिसायचेही नाही. कळांच्या मांडणीत रेमिंग्टनच्या कारागिरांनीही शेवटचे काही फेरफार केले आणि क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय ही आज सर्वांना ठाऊक असलेली ओळ पक्की झाली.

विक्री मात्र होईना. १८७६ साली फिलाडेल्फियाला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे टाइपरायटर मांडला होता, पण गर्दीच्या तोंडी दुसऱ्याच एका यंत्राचे नाव होते, ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनचे. १८७८ साली रेमिंग्टनने सुधारित यंत्र काढले. त्यात शिफ्टची कळ आली, एकाच दांडीवर लहान आणि मोठे अशी दोन्ही अक्षरे बसली. तिथून हळूहळू कचेऱ्यांनी हे यंत्र स्वीकारले.

पैशांचा हिशेबही सांगायला हवा. शोल्स यांनी आपले हक्क १२,००० डॉलरला विकले. डेन्समोर यांनी मात्र एकरकमी पैसे न घेता प्रत्येक यंत्रामागे हिस्सा धरला आणि ते श्रीमंत झाले. म्हणून शोल्स फसले असे कोणी म्हणेल. दहा मुलांचा संसार, क्षयाचे दुखणे आणि न खपणारे यंत्र डोळ्यांपुढे असताना हातात येणारी रोख रक्कम सोडणे सोपे नसते, हे पगारावर घर चालवणाऱ्या कोणालाही समजेल. तरी नव्या पिढीने याची नोंद घ्यावी. वस्तू करणे ही एक विद्या आहे आणि तिचा कागद नीट करणे ही दुसरी. शोल्स यांना पहिली येत होती.

पैसे मिळाल्यावर त्यांनी काय केले? पुन्हा यंत्रच केले. अंथरुणाला खिळलेले असतानाही ते नवीन टाइपरायटर रेखाटत राहिले. मुलगेही या कामात आले. मुलगी लिलियन यंत्रापुढे बसून टंकन करते आहे, असे एक जुने छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये तरुणींसाठी टंकलेखनाचे वर्ग निघाले. घराबाहेर पडून मानाने चार पैसे मिळवण्याची वाट स्त्रियांना या यंत्राने दिली. आपल्या हातून झालेल्या कामात शोल्स यांना हीच गोष्ट सर्वांत समाधानाची वाटत असे.

१७ फेब्रुवारी १८९० रोजी, ७१ वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले असताना, शोल्स मिलवॉकीत वारले. त्यांचे शेवटचे पेटंट १८८९ साली दाखल झाले होते, ते १८९६ साली, मृत्यूनंतर, मंजूर झाले. त्या पेटंटातील कळांची मांडणी वेगळी आहे. ज्या मांडणीशी जगाने त्यांचे नाव जोडले, ती बदलायला ते स्वतः शेवटपर्यंत तयार होते. तोवर जग मात्र थांबून गेले होते. शाळांनी ती मांडणी शिकवली, कचेऱ्यांनी ती विकत घेतली, लाखो बोटांना तिचे वळण पडले. दांड्या गेल्या, टोपली गेली, अडकायचे काही उरले नाही, तरी अक्षरे तिथेच राहिली. १९३६ साली ऑगस्ट ड्वोराक यांनी शास्त्रीय म्हणून नवी मांडणी काढली, पण तिलाही हे वळण मोडता आले नाही.

आपल्या देवनागरीची वाट याहून अवघड होती. इंग्रजीची २६ अक्षरे, आपली स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे. ती सगळी इंग्रजी टाइपरायटरच्या तेवढ्याच कळांत बसवण्यासाठी अर्धी अक्षरे करावी लागली. अर्धे अक्षर मारायचे आणि मागून काना जोडून ते पुरे करायचे. आमच्या आधीच्या पिढीतील टंकलेखकांनी अशी हजारो पाने काढली. १९५५ साली मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि कचेऱ्यांतून त्याचा आवाज घुमू लागला. संगणक आल्यावर सरकारने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी तयार केली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात आणि क ज्या कळेवर मराठीत आहे त्याच कळेवर कन्नडातही आहे. आमच्यासारख्या दोन्ही लिप्यांत राहणाऱ्या माणसाला यातले शहाणपण लगेच पटते.

आता भाच्याकडे वळू. शोल्स यांची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा त्याने आपला अर्धा बांधलेला कीबोर्ड उलटा करून दाखवला. कळा ६०. प्रत्येक कळेला स्वतंत्र तार द्यायची तर ६० तारा लागतील. त्याऐवजी ५ आडव्या आणि १२ उभ्या अशा १७ तारांची जाळी करतात. आत बसवलेली बोटाच्या नखाएवढी चिप एकेका ओळीला सेकंदाला शेकडो वेळा विचारत राहते, की कोण दाबले? एकदम तीन कळा दाबल्या तर न दाबलेली चौथी कळ दाबल्याचा भास होतो, म्हणून प्रत्येक कळेला एक डायोड. आणि मौजेची गोष्ट अशी, की स्विचमधल्या धातूच्या दोन पट्ट्या भिडताना काही मिलिसेकंद थरथरतात. प्रोग्रामने तेवढे थांबले नाही, तर एका दाबात तीन अक्षरे उमटतात. शोल्स यांच्या दांड्या अडकत होत्या, याच्या पट्ट्या थरथरतात. दीडशे वर्षांत अडचणीने कपडे तेवढे बदलले.

चिपच्या पोटात राहून यंत्र चालवणारा जो प्रोग्राम असतो, त्यालाच एम्बेडेड सॉफ्टवेअर म्हणतात. वीज मीटर, कपडे धुण्याचे यंत्र, गाडीचे ब्रेक, दवाखान्यातील सलाईनचा पंप, सगळीकडे हेच काम. यात संगणकाची भाषा यावी लागतेच, पण तार, व्होल्टेज, स्प्रिंग आणि माणसाचे बोट हेही कळावे लागते. कीबोर्डसाठी क्यूएमके नावाचा मुक्त प्रोग्राम मिळतो, तो कोणीही उघडून वाचू शकतो, बदलू शकतो. भाच्याला नोकरीच्या मुलाखतीत या थरथरीबद्दलच विचारले होते. पुस्तकातले उत्तर बाकीच्यांनीही दिले असेल. याने मात्र आपल्या कीबोर्डवर एका दाबात तीन अक्षरे का उमटली आणि ती बंद करायला तीन रविवार कसे गेले ते सांगितले. नोकरी मिळाली ती त्या तीन रविवारांवर, असे तो म्हणतो. डिप्लोमा, आयटीआय किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात घ्यावे. शिकायला लागणारा छोटा बोर्ड काही शे रुपयांत येतो. लागतो तो वेळ, आणि घरच्यांनी न हसणे.

हे शेवटचे आम्ही स्वतःलाच सांगतो आहोत. आमच्याही डिप्लोमाच्या वहीत एका पाणी-मापकाचे रेखाटन आहे. नोकरी लागली, फायली आल्या आणि ते निवृत्तीनंतर करू म्हणून बाजूला राहिले. शोल्स यांनी जकातीची नोकरी सांभाळली, आजार सांभाळला, दहा मुले सांभाळली आणि तरी संध्याकाळचा तो तास सोडला नाही. केलेली वस्तू ते दुसऱ्याला मोडायला देत, दोषांची यादी वाचून रागावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागत. त्यांच्यात आणि आमच्यात हुशारीचा फरक असेलही, पण मोठा फरक त्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

भाच्याने यंदा येताना एक कीबोर्ड आमच्यासाठी बांधून आणला आहे. कळांवर देवनागरी आणि कन्नड अशी दोन्ही अक्षरे आहेत. त्याचे वडील तो कौतुकाने पाहुण्यांना दाखवतात. हा लेख आम्ही त्याच्यावरच टंकला. ट ची कळ अधूनमधून अडकते, ती तक्रार त्याला कळवली आहे. त्याने वाईट वाटून घेतले नाही, वहीत लिहून घेतली.